अकरा अक्षरं

थंडर बेच्या लसीकरण केंद्रात
नर्स कागद डोळ्यांसमोर धरते, आणि थांबते.
त्या थांबण्यावरून मला कळतं, आमचा नंबर आला.
मग ती "का" म्हणते, "काओ" म्हणते,
चष्मा कपाळावर सरकवते,
आणि शेवटी आडनावाला शरण जाते :
"कोस्केला?"

कीलिन.
एवढंच आहे म्हणायला.
गरम चमच्यावर फुंकर मारावी, तेवढ्यात संपतं.
लिहायला मात्र अकरा अक्षरं :
सी ए ओ आय एल
एफ एच
आय ओ एन एन.
औषधाच्या दुकानात फोनवर हे सांगता सांगता
दूध उतू जातं.

आमच्या आयरिशमध्ये
एफच्या शेजारी एच येऊन बसला
की दोघंही गप्प होतात,
भांडलेल्या नवरा-बायकोसारखे
एकाच बाकावर, मधे पिशवी ठेवून.
हे मी इथे कुणाकुणाला समजावू?
बेकरीवाल्याने केकवर अर्धंच नाव लिहिलं
आणि उरलेल्या जागेत गुलाब काढला.
पाळणाघरातली डॉरीन तिला 'सोन्या' म्हणते.
आधी मला वाटायचं, मायेने.

सासूबाई फिनिश.
त्यांच्या भाषेत लिहायचं तेच बोलायचं,
पानावरचं एकही अक्षर उपाशी उठवायचं नाही.
त्या अकराच्या अकरा म्हणतात,
का-ओ-इल-फ्-हि-ओन्न,
नदीतल्या दगडांवर पाय देत देत,
आणि पलीकडे पोचल्या की वळून बघतात :
आलं ना बरोबर?
मी मान डोलावते.
चार वर्षं डोलावते आहे.

कीलिन माझ्या आजीचं नाव.
केरीतल्या शाळेत मास्तरांनी हजेरीत तिला कॅथलीन केलं,
मग रेशनच्या वहीत कॅथलीन,
थडग्यावरही कॅथलीन.
खरं नाव उरलं फक्त संध्याकाळी
कुंपणापलीकडून शेजारणीने मारलेल्या हाकेत,
आणि ते तर कुठेच लिहिलेलं नाही.
म्हणून बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी,
टाके ठणकत असताना,
मी फॉर्मवर सगळं लिहिलं. काही गाळलं नाही.
आर्टो म्हणाला, "के ने सुरू करू या का? सोपं जाईल."
मी त्याच्याकडे अशी बघितलं
की तो कॉफी आणायला गेला.

आजीचं देणं होतं.
फेडलं मी,
पण पोरीच्या खिशातून.

नाव ठेवलं एकदाच.
नावं ठेवते आहे तेव्हापासून रोज,
स्वतःला,
भांडी विसळताना, गाडीवरचा बर्फ खरवडताना.
नाव बदलायचा फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे,
जुन्या बॅटऱ्या आणि रबरबँडांखाली.
मार्चमध्ये एकदा भरायला बसले.
के लिहिला.
पुढचं पेन सरकेना, मग त्याच कागदाच्या मागे
किराण्याची यादी केली.

परवा वाचनालयात गोष्टींचा तास.
नवा मुलगा यादी वाचत होता :
हार्पर. ओवेन. टेसा.
मग गप्प.
कान लाल. बोट कागदावर तसंच.
मी उठणार तोच सतरंजीवरून माझी मुलगी उठली,
हात वर केला.
"ते माझं आहे," म्हणाली.
"काय?" त्याने विचारलं.
"तू आत्ता गप्प बसलास ना, ते."

परत येताना वायपर चालू, हीटर चालू,
मागच्या सीटवरून आवाज आला :
"आई, ओवेनच्या नावाआधी कुणी थांबतच नाही."
आणि जरा वेळाने, बूट आपटत,
"बिचारा."

मी काही बोलले नाही.
काय बोलायचं होतं, तेही माहीत नव्हतं.

आज दातांच्या डॉक्टरकडे फोन लावलाय.
पलीकडे कुणीतरी पेन शोधतंय.
सी, म्हणते मी.
ए.
नाही, घाई नाही. लिहा सावकाश.
ओ.